काळ्या कर्करोगावरील लस व तिची कसोटी

लस म्हटली कीं आपल्या घरांतील वडील मंडळींस देवी टोचणें आठवतें. एडवर्ड जेनर ह्या इंग्लिश वैद्यानें १७९६ सालीं गाईच्या देवींतील द्रव एका मुलास टोचला. तेव्हांपासून रोग येण्यापूर्वीं केलेला बंदोबस्त, असाच लशीचा अर्थ लोकांत रूढ झाला आहे. येथें ज्या लशीचा विचार कर्तव्य आहे ती मात्र रोग अंगांत मुरल्यावर द्यावयाची आहे.

हा रोग म्हणजे कातडीचा काळा कर्करोग. डॉक्टर त्यास मेलॅनोमा म्हणतात. कातडीला वर्ण देणाऱ्या पेशी बेबंद वाढूं लागल्या म्हणजे तो उद्भवतो. गोऱ्या लोकांत, त्यांतहि ऑस्ट्रेलियांत, तो फार. आपल्यांत विरळा, आणि झालाच तर पुष्कळदां तळपायाला. एखादा तीळ आकार वा रंग बदलूं लागला असतां वेळींच कापून काढल्यास बहुधा तेवढ्यावर भागतें. परंतु रोग फुप्फुस, यकृत किंवा मेंदू येथवर पोंचला, म्हणजे २०१० च्या पूर्वीं बहुतेक रोग्यांस वर्षभराचेंहि आयुष्य लाभत नसे.

मग लशीची आशा कां धरावी? कारण असें कीं, ह्या रोगाच्या गांठी क्वचित् प्रसंगीं आपोआप विरून गेलेल्या पाहण्यांत आल्या आहेत. शरीराचें रक्षक दल ह्या पेशींना ओळखूं शकतें, फक्त त्याला जागें करावयास हवें, असा तर्क त्यावरून निघाला. कॅलिफोर्नियांतील सांता मोनिका येथील डॉ. डोनाल्ड मॉर्टन ह्यांनीं त्याच तर्कावर एक लस सिद्ध केली. निरनिराळ्या रोग्यांपासून मिळविलेले कर्करोगी पेशींचे तीन वंश प्रयोगशाळेंत वाढवावयाचे, त्यांची वाढ किरणांनीं खुंटवावयाची, आणि मग त्या पेशी टोंचावयाच्या. पहिल्या मात्रांबरोबर क्षयावरील बी. सी. जी. ही आपल्या परिचयाची लसहि दिली जाई. हिचें नांव कॅनव्हॅक्सिन. ज्यांस ती दिली ते रोगी जुन्या नोंदींतील रोग्यांपेक्षां बरेच अधिक जगले असें आढळलें, आणि आशा वाढली.

न्यायशास्त्राची तोंडओळख असलेल्या वाचकास येथें लगेच शंका येईल. कावळा बसला आणि ताडाचें फळ पडलें, एवढ्यावरून कावळ्यानें फळ पाडलें असें ठरत नाहीं. लस आहे तेथें गुण आहे, हा झाला अन्वय. लस नाहीं तेथें गुण नाहीं, हा व्यतिरेकहि दाखविला पाहिजे. शिवाय लशीसाठीं महिनोन् महिने खेपा घालूं शकणारा रोगी मुळांतच जरा धडधाकट असतो. निवडक मुलें घेणाऱ्या शाळेचा निकाल चांगला लागला तर त्याचें श्रेय शिकवणीचें कीं निवडीचें, हा प्रश्न आम्हां मास्तर लोकांस नवा नाहीं.

म्हणून मोठी परीक्षा योजिली गेली. रोग दूरवर पसरलेल्या, परंतु गांठी कापून काढतां आलेल्या ४९६ रोग्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें दोन गट पाडले. बी. सी. जी. दोघांसहि, पुढें एकास खरी लस, दुसऱ्यास तशीच दिसणारी निर्गुण सुई. २००५ सालीं ही परीक्षा थांबवावी लागली, कारण लशीचा उपयोग सिद्ध होण्याची आशाच उरली नव्हती. पांच वर्षांनंतर खरी लस घेतलेल्यांपैकीं शेंकडा सुमारें ४० जिवंत होते. खोटी घेतलेल्यांपैकीं शेंकडा सुमारें ४५!

“आमच्या माणसाला मरणाच्या दारांत पाणी टोंचणार काय?” असा प्रश्न एखादी माउली विचारील, आणि तिचा संताप मला समजतो. पण वरील आंकडे पाहा. ज्यांच्या वांट्यास खोटी सुई आली त्यांचें कांहींएक गमावलें नाहीं. लस गुणकारी आहे हें आधींच ठाऊक असतें तर परीक्षा घेणें हेंच पाप ठरलें असतें; ठाऊक नाहीं म्हणूनच ती घ्यावयाची. मात्र दुसऱ्या गटास त्या काळचा मान्य उपचार मिळालाच पाहिजे, आणि रोग्यास सर्व समजावून त्याची संमति घेतलीच पाहिजे. घरच्या कर्त्या पुरुषानें परस्पर सही ठोकण्याची रीत येथें चालूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे.

पुढें २०१० सालीं तर गंमतच झाली. ६७६ रोग्यांच्या एका परीक्षेंत जीपी-१०० ह्या लशीलाच मापाच्या काठीची जागा मिळाली. केवळ ती लस घेणाऱ्यांचें मध्यम आयुष्य ६.४ महिने भरलें; इपिलिमुमॅब हें नवें औषध घेणाऱ्यांचें १०.१, आणि दोन्ही घेणाऱ्यांचें १०. म्हणजे औषधानें आयुष्य वाढविलें, लशीनें त्यांत कांहींच भर घातली नाहीं. रक्षक पेशींना अंगचाच एक लगाम असतो आणि हें औषध तो सैल करतें. ह्या लगामांच्या शोधासाठीं जेम्स ॲलिसन व तासुकु होंजो ह्यांस २०१८ चें नोबेल पारितोषिक मिळालें. लगाम आंवळलेला असतां घोड्यास नुसती टांच मारून काय होणार?

तेव्हां आतां लगाम सैल करून मग टांच मारण्याचा प्रयत्न चालला आहे. प्रत्येक रोग्याची गांठ तपासून तिच्यांतील विकृत खुणा, जास्तींत जास्त ३४, निवडतात आणि त्या एकट्यासाठींच लस बनवितात. शस्त्रक्रिया झालेल्या १५७ रोग्यांत हिची परीक्षा झाली. पेंब्रोलिझुमॅब हें लगाम सैल करणारें औषध सर्वांसच होतें. दोनतृतीयांशांना लसहि दिली. दीड वर्षानंतर रोग न उलटतां जगणारे लशीच्या गटांत शेंकडा ७९ व दुसऱ्यांत ६२ निघाले. फरक डोळ्यांत भरण्याजोगा खरा. पण रोगी थोडे, आणि लस कोणास मिळाली हें सर्वांस ठाऊक होतें. म्हणून २०२३ सालीं अधिक मोठी परीक्षा सुरू करण्यांत आली. तींत औषध दोन्ही गटांस आहे, लशीच्या मात्रा तीन-तीन आठवड्यांनीं जास्तींत जास्त नऊ, आणि कुपींत लस आहे कीं नुसता निर्गुण द्रव, हें रोग्यासहि सांगत नाहींत व त्याच्या डॉक्टरासहि.