मोठ्या आईच्या आधी कोण होतं?

पक्षाच्या दिवशी गुरुजी एकेक नाव विचारत होते. आमच्या ह्यांनी वडील, आजोबा, पणजोबा अशी नावं घडाघडा सांगितली. मग बायकांची नावं आली आणि पणजीपाशी सगळं अडलं! ह्यांच्या आत्यांना फोन केला, तर त्या म्हणाल्या, "अगं, आम्ही तिला मोठी आईच म्हणायचो. नाव कोण घेतंय?"

त्या दिवसापासून मला घराण्याची माहिती जमवायचा नाद लागला. पण नाद लागला तरी शिस्त नव्हती. कुणी काही सांगितलं की हाताशी येईल त्या कागदावर खरडायचं आणि कागद स्वयंपाकघरातल्या खणात टाकायचा. सहा महिन्यांनी खण उपसला, तर हिशेब काही जुळेना. आजेसासऱ्यांचा जन्म १९१० चा आणि मोठ्या आईचं लग्न १९१९ सालचं! आत्यांनीच कोडं सोडवलं. मोठी आई दुसरेपणाची. पहिली १९१८ च्या मानमोडीच्या साथीत गेली. आजेसासरे तिचे. आत्यांनी तिचं नाव आणि माहेरही सांगितलं. मी ते दुधाच्या बिलामागे लिहून घेतलं. बिल हरवलं आणि पुन्हा विचारायला जाईपर्यंत आत्या गेल्या.

मैत्रिणींनो, म्हणून सांगते, हा छंद घ्यायचा तर पहिल्या दिवसापासून नीट मांडणी हवी. ती फार अवघड नाही.

फायलीत लावायची सुटी पानं आणा. एका माणसाला एक पान, आणि प्रत्येक पानाला क्रमांक. नावावर विसंबू नका. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत. त्यामुळे गोविंद विष्णू आणि विष्णू गोविंद यांची रांगच लागते. क्रमांक असला की घोटाळा होत नाही.

बाईच्या पानावर चार ओळी आधीच आखून ठेवा : माहेरचं नाव, सासरचं नाव, माहेरचं आडनाव व गाव, आणि घरात हाक मारायचं नाव. जुन्या वंशावळी उघडून पाहा, बहुतेक ठिकाणी पुरुषांचीच नावं! लग्नात नाव बदललं की मुलगी माहेरच्या कागदांतून जाते आणि सासरच्या कागदांत येतही नाही. ही चूक आपण तरी करू नये.

प्रत्येक माहितीपुढे कोणी सांगितलं आणि कोणत्या तारखेला, ते लिहा. ऐकीव ते पेन्सिलीनं, कागद डोळ्यांनी पाहिला तर शाईनं. म्हणजे खात्रीचं कुठलं, ते एका नजरेत कळतं.

वडीलधारी माणसं साल सांगत नाहीत. "पानशेत फुटलं तेव्हा मी पोटुशी होते," असं सांगतात. मग आपणच १९६१ लिहायचं. कोयनेचा भूकंप १९६७ चा, मोठा दुष्काळ १९७२ चा. अशी यादी फायलीच्या पहिल्या पानावर चिकटवा. जुन्या कागदावर शक असेल तर त्यात ७८ मिळवा. जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंतची तिथी असेल तर ७९. शके १८३२ चा श्रावण म्हणजे १९१० साल.

घरातलं संपलं की बाहेर शोधा. शाळेचे दाखले, ग्रामपंचायतीची वा नगरपालिकेची जन्ममृत्यूची नोंद, गावी जमीन असेल तर फेरफार. खातेदार वारला की वारसांची नोंद त्यातच सापडते. नाशिक-त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या घराण्यांच्या वह्या असतात. जुन्या नोंदी मोडीत असल्या तर मोडी जाणणारं माणूस बरोबर न्या. निघण्यापूर्वी काय शोधायचं ते लिहा आणि परत आल्यावर काय मिळालं नाही, तेही लिहा. नाहीतर त्याच दप्तराला दोन हेलपाटे!

जुन्या कागदांना चिकटपट्टी लावू नका. मोबाईलवर फोटो काढा, पण त्याचा पानक्रमांक फायलीत टिपून ठेवा. एक प्रत नणंदेकडे किंवा जावेकडे असू द्या.

माझ्या फायलीत सात क्रमांकाचं पान त्या पहिल्या पणजीचं आहे. त्यावर पेन्सिलीनं एवढंच आहे : १९१८, मानमोडी, एक मुलगा. बाकीच्या चारही ओळी कोऱ्या आहेत. फेरफार पाहून झाले, आता त्र्यंबकेश्वरला जायचं आहे.

तुम्ही मात्र पहिलं पान स्वतःचं लिहा, माहेरच्या नावासकट. आणि आज दुपारी कामं आवरली की फाईल घेऊन सासूबाईंपाशी बसा. "तुमच्या आईचं माहेर कुठलं हो?" एवढंच विचारा. पुढचं त्याच सांगतील.