बांध गावाचा, भातही गावाचे

भाद्रपदात नवी कणसे घरात येतात, चवथीची माटोळी रानफळांनी भरते, आणि आपण शेतकऱ्यांचे वंशज आहोत याची गोमंतकीय मनाला आठवण होते. सण सरला की त्याच घरात परराज्यातून आलेला तांदूळ शिजतो आणि बेळगावहून आलेली भाजी चिरली जाते. पूजेचे कणीस आपले आणि पोटाचा घास विकतचा, ही विसंगती आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे कोणाला वैषम्यही वाटत नाही. गावोगावची खाजने पडीक पडत असता ही उदासीनता परवडणारी नाही.

सुमारे १८ हजार हेक्टर खाजन जमीन म्हणजे आपल्या पूर्वजांनी भरतीच्या तोंडून सोडवून घेतलेली भूमी. त्यांनी खाड्यांना मातीचे बांध घातले आणि बांधात मानस बसवली. भरतीचे पाणी चढले की तिची दारे आपोआप मिटतात. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने ती उघडतात. जून-जुलैचा पाऊस मातीतला खार धुऊन नेतो आणि मग खारटपणा सोसणारे कोरगुट भात रुजते. ही एकट्यादुकट्याने करायची शेती नव्हेच. बांधाला एका जागी भगदाड पडले तर साऱ्या खाजनाचे पीक जाते. म्हणूनच बांध राखण्याचा भार गावकरीने शतकानुशतके सामुदायिकपणे वाहिला.

१९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची त्याची पाचवी दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला जमिनीची मालकी दिली. तो सामाजिक न्याय होता. त्यात मागे फिरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. परंतु जमीन वाटता येते, बांध वाटता येत नाही. हे ओळखूनच १९७५ च्या नियमांनी कुळांच्या संघांवर बांधांची संयुक्त जबाबदारी सोपवली. आज यांतील कित्येक संघ मानशीवरील मासळीची पावणी करण्यापुरते उरले आहेत. पावणी घेणाऱ्याला मासळी हवी असते, भात नव्हे. खारे पाणी आत घेण्यात आणि कोंडून ठेवण्यात त्याचा लाभ असतो. बुडते ते दुसऱ्याचे शेत. ज्या मासळीच्या उत्पन्नातून बांध राखायचा, तिच्याच लोभाने बांधामागची शेती नासावी, यापरता दैवदुर्विलास कोणता?

भातशेती बिगरशेतकऱ्याला विकण्यावर निर्बंध घालणारा कायदा विधानसभेने २०२३ साली संमत केला, हे स्वागतार्हच आहे. पण कायदा शेत विकू न देण्याची व्यवस्था करू शकतो; ते नांगरायला लावू शकत नाही. शेतकरी शेत पडीक का टाकतो? मजुरी परवडत नाही, हे खरे. त्याहून खरे हे की तो भात विकून मोकळा होतो आणि पुढची सारी प्राप्ती दुसऱ्याच्या हाती जाते. शंभर किलो भातापासून साधारण ६५ किलो तांदूळ मिळतो. तूस उकडणीच्या भट्टीला जळण म्हणून लागते, कोंडा गुरांना लागतो. यात वाया जाणारे काहीच नाही. मात्र उकडणे, भरडणे आणि विकणे ही कामे ज्याच्या हाती, नफा त्याच्या पदरी.

म्हणून आमचे म्हणणे असे की, जे सामुदायिकत्व आपण बांधापाशी थांबवले, ते ताटापर्यंत न्यावे. शेताची मालकी ज्याची त्याची राहू द्या. पण भट्टी, गिरणी, कोठार आणि विक्री ही गावच्या सहकारी संस्थेची असू द्यावीत. ट्रॅक्टर आणि कापणीयंत्र तिने भाड्याने पुरवावे. कसायला दिली तर कूळ लागेल, या धास्तीने जे शेत पडीक ठेवतात, त्यांच्यासाठी शासनाने ठराविक मुदतीच्या करारांना निःसंदिग्ध संरक्षण द्यावे. आणि मासळीच्या पावणीतील रकमेचा हिशेब दरवर्षी गावासमोर जाहीर वाचला जावा.

हे स्वप्नरंजन नव्हे. फोंड्याच्या गोवा बागायतदार संस्थेने सुपारी, नारळ, काजू पिकवणाऱ्यांचा माल घेऊन स्वतःची बाजारपेठ उभी केली, ती आपल्या डोळ्यांसमोर आहे. केरळात १९९८ साली सुरू झालेल्या कुटुंबश्रीच्या महिला गटांनी पडीक जमिनी कसायला घेतल्या आणि खाणावळीही चालवल्या. पिकवणे आणि रांधणे यांची तिथे सांगड बसली. उलट धारबांदोड्याच्या संजीवनी साखर कारखान्याचा धडाही विसरता कामा नये. तोटा साचत गेला, २०१९ च्या सुमारास गाळप बंद पडले आणि ऊस उत्पादकाला सरकारी नुकसानभरपाईकडे डोळे लावावे लागले. नुसत्या सरकारी आधारावर उभा राहिलेला सहकार तो आधार डळमळताच कोलमडतो. संस्था लहान असावी, सभासदांच्या नजरेच्या टप्प्यात असावी आणि पहिल्या दिवसापासून तिला गिऱ्हाईक असावे.

ते गिऱ्हाईक दूर शोधायला नको. शाळांतील माध्यान्ह आहार स्वयंसाहाय्य गटांच्या बायकाच करतात; आठवड्यातून दोन दिवस तरी पावाऐवजी गावच्या उकड्या तांदळाची पेज किंवा भात मुलांच्या पानात का पडू नये? देवस्थानांच्या महाप्रसादाला गावच्या खाजनातला तांदूळ लागावा, याहून उचित नैवेद्य कोणता? पर्यटकांना गोव्याची चव विकणाऱ्या हॉटेलांनाही गावच्या संस्थेने हक्काने विचारावे. हा तांदूळ चार पैसे महाग पडेल, हे मान्य. पण त्या चार पैशांत बांधाची डागडुजी आहे आणि बांधामागच्या घरांचे व विहिरींचे रक्षण आहे. समुद्राची पातळी वाढत असल्याचा इशारा शास्त्रज्ञ देत असता बांध हा केवळ शेतकऱ्याचा प्रश्न राहिलेला नाही.

खाजन एकदा खाऱ्या पाण्याखाली गेले की तिथे कांदळवन वाढते, आणि मग ते पुन्हा लागवडीखाली आणणे कष्टाचे व कायद्याच्या दृष्टीनेही अवघड होऊन बसते. तेव्हा वेळ दवडून चालणार नाही. येत्या पावसाळ्यापूर्वी निदान एका गावाने, एका बांधाने हा प्रयोग करून दाखवावा. सरकारने मदतीला यावे, मालक होऊ नये. आणि आपण शहरवासीयांनी नव्याच्या कणसाला हात जोडतानाच वर्षाच्या तांदळाची मागणीही त्या गावाकडे नोंदवावी. तरच नवे आणण्याला अर्थ उरेल.