इशीचे धनुष्य

कुत्री भुंकू लागली म्हणून कत्तलखान्यातले कामकरी पहाटे बाहेर आले, तर कुंपणाशी एक माणूस. अंगावर फाटक्या कापडाचा तुकडा, केस जाळून आखूड केलेले, पोट खपाटीला गेलेले. वय असेल पन्नाशीच्या आसपास. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी २९ ऑगस्ट १९११ रोजी घडलेली ही गोष्ट. या पाहुण्याला इंग्रजी येत नव्हते, स्पॅनिश येत नव्हते आणि आसपासच्या इंडियनांची भाषाही कळत नव्हती. गावच्या शेरीफने त्याला तुरुंगाच्या कोठडीत नेऊन बसवले. गुन्हा काही नव्हता. पण बघ्यांच्या गर्दीपासून त्याला वाचवायचे तरी कसे?

दुसऱ्या दिवशी ही बातमी वर्तमानपत्रांत झळकली आणि कॅलिफोर्निया विद्यापीठातले मानववंशशास्त्राचे अध्यापक वॉटरमन लगबगीने ओरोव्हिलला आले. त्यांच्या खिशात याना नावाच्या, जवळजवळ नाहीशा झालेल्या भाषेतील शब्दांची यादी होती. ते एकेक शब्द वाचत गेले. समोरचा माणूस ढिम्म. शेवटी त्यांनी ‘सिविनी’ हा शब्द उच्चारला आणि कोठडीतल्या खाटेच्या लाकडावर बोटाने टकटक केले. सिविनी म्हणजे पिवळा पाइन. त्या माणसाचा चेहरा एकदम उजळला. दोघेही ते लाकूड ठोकीत ‘सिविनी, सिविनी’ म्हणू लागले. कितीतरी दिवसांनी त्याला आपल्या भाषेतला शब्द परक्याच्या तोंडून ऐकायला मिळाला होता.

हा गृहस्थ याना लोकांच्या याही शाखेचा. सोन्याच्या शोधात गोरे लोक कॅलिफोर्नियात लोटण्यापूर्वी या शाखेची माणसे अवघी ४०० च्या आसपास होती. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत बंदुकांनी आणि उपासमारीने त्यांचा निकाल लावला. उरलेली मूठभर माणसे डीअर क्रीक आणि मिल क्रीक या ओढ्यांच्या घळींत लपून राहिली. आणि एकदोन नव्हे, चाळीस वर्षे राहिली. धूर दिसू नये म्हणून चूल लहान पेटवायची, माग उमटू नये म्हणून दगडांवरून उड्या मारीत जायचे, पाऊल पडलेच तर ते पुसून टाकायचे. १९०८ साली त्यांत चार माणसे उरली होती.

त्या साली नोव्हेंबरात धरणासाठी मोजणी करणारी एक तुकडी त्या घळीत शिरली. तिला झाडीत दडवलेल्या झोपड्या सापडल्या. एका झोपडीत घोंगड्यांत गुंडाळलेली, पायांनी अधू झालेली एक म्हातारी पडलेली होती. बाकीचे पळाले होते. त्या साहेबलोकांनी म्हातारीला हात लावला नाही. मात्र धनुष्ये, बाण, टोपल्या, कातड्याची पांघरुणे, हत्यारे अशी जी चीजवस्तू मिळाली ती आठवण म्हणून उचलून नेली. हिवाळा तोंडावर आलेला. ज्यांच्यापाशी एवढाच संसार होता त्यांची काय गत झाली असेल, हे कुठल्याही गृहिणीला सांगायला नको. म्हातारी लवकरच वारली. पळालेली दोघे, एक म्हातारा आणि एक बाई, पुन्हा कधी दिसली नाहीत. म्हातारीचा मुलगा तेवढा उरला. त्याने शोकाची खूण म्हणून केस जाळले आणि तीन वर्षांनी तो ओरोव्हिलला आला.

त्याचे नाव काय? ते त्याने कुणाला सांगितले नाही. आपले नाव आपल्या तोंडाने घ्यायचे नाही, ही त्याच्या लोकांची रीत. (नाव घ्यायला लाजणाऱ्या आपल्या आज्यांना हे पटकन कळले असते.) वॉटरमनचे वरिष्ठ प्राध्यापक क्रोबर यांनी मग त्याला ‘इशी’ म्हणायचे ठरवले. याना भाषेत त्याचा अर्थ नुसता ‘माणूस’.

इशी सान फ्रान्सिस्कोला आला आणि विद्यापीठाच्या वस्तुसंग्रहालयातच राहू लागला. झाडलोट करण्याबद्दल त्याला महिना २५ डॉलर पगार मिळे. रविवारी लोक त्याला पाहायला येत. त्यांच्यासमोर तो अग्नी पाडून दाखवी, काचेच्या कपच्या उडवून बाणांची पाती करी आणि ती पाती हसतमुखाने वाटून टाकी. ज्याची धनुष्ये लोकांनी उचलून नेली, तो माणूस आता स्वतःच्या हातची पाती परक्यांना देत होता!

संग्रहालयाला लागूनच वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय होते. तिथे सॅक्स्टन पोप नावाचे शस्त्रवैद्य शिकवीत असत. इशीच्या प्रकृतीची देखभाल त्यांच्याकडे आली आणि दोघांची गट्टी जमली. पोप यांना हातचलाखीचे खेळ येत. त्यांनी एकदा नाणे गडप करून दाखवले, तेव्हा कुठे इशीने त्यांना खरे वैद्य म्हणून मान्य केले. शस्त्रक्रियेचे कौशल्य त्याने पाहिले होते, पण मंत्रतंत्र येत नसेल तो कसला वैद्य! तो त्यांना ‘पोपी’ म्हणे. पोपसाहेब त्याच्याकडून धनुर्विद्या शिकू लागले, आणि या शिष्याने गुरूचा शब्द न् शब्द टिपून ठेवला. १९१८ साली त्यांनी तो निबंधरूपाने प्रसिद्ध केला. म्हणूनच आज आपल्याला हे सारे ठाऊक आहे.

इशीचे धनुष्य आखूड असे, सव्वा-साडेतीन फुटांचे. आडव्या पसरलेल्या हाताच्या टोकापासून दुसऱ्या बाजूच्या कमरेपर्यंतची लांबी हेच त्याचे माप. लाकूड डोंगरी जुनिपरचे. ते घासून बेतशीर झाले की पाठीवर हरणाच्या पायांतले स्नायू चिकटवायचे. हे स्नायू आधी दातांनी चावून चावून मऊ करायचे. यंत्र नाही, हत्यार नाही, नुसते दात. सरस सामन माशाची कातडी उकळून काढलेला. वाळताना स्नायू आवळतात, त्यामुळे लाकडाला जोर येतो आणि ते मोडतही नाही. दोरीसुद्धा स्नायूच्या बारीक तंतूंचीच, पीळ देऊन केलेली. असे धनुष्य चाळीस-पंचेचाळीस पौंडांच्या ओढीचे होई. वापरात नसेल तेव्हा ते प्यूमाच्या शेपटीच्या कातड्यात घालून ठेवायचे. भाता ऊदमांजराच्या कातड्याचा.

धनुष्याचे सोवळेओवळेही असे. झाड उभे असताना लाकडाचे जे टोक वर होते तेच धनुष्यातही वर राहिले पाहिजे, नाहीतर बाण निशाणाला लागायचा नाही. बायकांनी धनुष्याला शिवायचे नाही, पोरांनी ते ओलांडायचे नाही. चढवलेले धनुष्य उभे करून ठेवायचे नाही, कारण ते तसेच कष्ट करीत राहते आणि त्याला घाम फुटतो. पहिल्या दोन-तीन गोष्टी आपण समजुती म्हणून सोडून देऊ. पण ताणलेले लाकूड थकते, हे कुठलाही धनुष्य करणारा कारागीर आजही सांगेल.

आता ती पाती. त्यांना लागणारा मूळ दगड म्हणजे ज्वालामुखीतून निघणारी काळी काच, ऑब्सिडियन. पण डोंगरात लपून राहिलेल्यांना ती आणायला लांब जाणे परवडत नसे. मग गोऱ्यांनी फेकलेल्या बाटल्या कामी येत. बिअरच्या तपकिरी, औषधांच्या निळ्या. तळहातावर चामड्याचा तुकडा, त्यावर काच, आणि काठीला बांधलेल्या शिंगाच्या किंवा लोखंडाच्या टोकाने कडेला नेमका दाब द्यायचा. खालून बारीक टवका सुटतो. असे टवके काढीत अर्ध्या तासाच्या आत-बाहेर पाते तयार. एखादी कपची डोळ्यात उडालीच, तर इशी खालची पापणी बोटाने ओढून धरी, खाली वाके आणि दुसऱ्या हाताने स्वतःच्या टाळूवर धाडकन एक रट्टा ठेवून देई. कपची बाहेर! शस्त्रवैद्य शेजारी बसलेले असताना हा उपचार चाले.

चाकूही याच काचेचे. ऑब्सिडियनची धार पोलादाहून बारीक निघते, पण ती ठिसूळ असते. हाडाला लागली की तुटलीच. पोप यांनी एक प्रयोग केला. एका खोक्याला कातडे लावून आत जनावराचे काळीज भरले आणि पोलादी व काचेच्या टोकांचे बाण त्यावर मारून पाहिले. काचेचा बाण काही इंच अधिक खोल गेला. पोपसाहेबांनाच त्याचे नवल वाटले.

बाण सोडण्याची इशीची तऱ्हा आपल्याला विशेष वाटावी अशी आहे. तो दोरी अंगठ्याने ओढी. अंगठा वाकवून दोरीत अडकवायचा, त्याच्या नखावर मधले बोट दाबायचे आणि तर्जनीने बाणाला नुसता आधार द्यायचा. या पद्धतीत अंगठा गेला की सारेच गेले. एकलव्याची आठवण कुणाला होणार नाही? आपल्याकडे सातपुड्यातील भिल्ल बाणाला अंगठा लावीत नाहीत असे सांगतात, आणि त्याचा संबंध त्या गुरुदक्षिणेशी जोडतात. भिल्लांचा तिरकमठा मात्र वेगळ्या घडणीचा. दांडा बांबूचा आणि दोरीही बांबूच्या कांबीचीच. स्नायू नाही, सरस नाही.

दूरच्या निशाणावर इशीचा नेम बेताचाच होता. तिथे पोप आणि त्यांचे मित्र त्याच्या पुढे जात. पण झुडपांत लपून दहा-वीस यार्डांवरचे जनावर टिपण्यात त्याची बरोबरी नव्हती. शिकारीच्या आदल्या दिवशी तो मासे खात नसे, तंबाखू ओढीत नसे. सकाळी ओढ्यात आंघोळ करून सुगंधी पाल्याने अंग घाशी. दोन बोटे ओठांशी धरून चुटपुट आवाज काढला की ससे जवळ येत. धनुष्य हे दूर मारण्याचे हत्यार नसून जवळ जाण्याची विद्या आहे, हे पोप यांना इथे समजले असावे.

मे १९१४ मध्ये क्रोबर, वॉटरमन, पोप आणि पोप यांचा अकरा वर्षांचा मुलगा इशीला घेऊन डीअर क्रीकला गेले. इशी आधी तयार नव्हता. जिथे आपली सगळी माणसे गेली तिथे सहलीला कोण जाईल? पण गेल्यावर त्याने त्यांना वाटा दाखवल्या, गुहा दाखवल्या, तो पोहला, त्याने शिकार केली. पोपांच्या त्या पोराने केवढी सुट्टी भोगली असेल!

शहरात माणसांबरोबर शहरातले रोगही होते. २५ मार्च १९१६ रोजी इशी क्षयाने वारला. मित्रांनी त्याच्या पेटीत त्याचे एक धनुष्य, पाच बाण, ओकच्या फळांच्या पिठाची टोपली, शिंपल्यांचे मणी, तंबाखूचा बटवा आणि ऑब्सिडियनच्या काही कपच्या ठेवून दहन केले. पण इथेही एक काळी गोष्ट घडली. क्रोबर तेव्हा न्यूयॉर्कला होते. शवाची चिरफाड करू नका, असे त्यांनी पत्राने कळकळून बजावले होते. पत्र उशिरा पोचले. इशीचा मेंदू काढून ठेवण्यात आला, आणि पुढे खुद्द क्रोबर यांनीच तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे धाडून दिला. ज्याने मित्रासाठी पत्र लिहिले त्याच हाताने! याचा उलगडा मला होत नाही. १९९९ मध्ये शोध घेतल्यावर मेंदू संस्थेच्या कोठारात सापडला, आणि २००० साली तो रक्षेसह इशीच्या जवळच्या इंडियन जमातींच्या स्वाधीन झाला. त्यांनी गाजावाजा न करता, जागा कुणाला न सांगता, त्याचे दफन केले.

पोप यांचा नाद मात्र वाढत गेला. त्यांनी आणि आर्थर यंग या मित्राने इंग्लिश पद्धतीची, यू लाकडाची लांब धनुष्ये केली. १९२० साली यलोस्टोनमध्ये संग्रहालयासाठी म्हणून ग्रिझली अस्वले मारली, १९२५ मध्ये आफ्रिकेत जाऊन सिंह मारले. मला हा भाग फारसा रुचत नाही. इशी पोटासाठी हरीण मारी. सिंह खायला कोण गेले होते? १९२३ मध्ये पोप यांचे धनुष्याच्या शिकारीवरचे पुस्तक आले आणि १९२६ मध्ये ते वारले. यंगचा अलास्कातील शिकारीचा चित्रपट १९२७ साली डेट्रॉइटमध्ये फ्रेड बेअर नावाच्या एका तरुणाने पाहिला. त्याची यंगशी ओळख झाली, दोघे मिळून धनुष्ये करू लागले, आणि पुढे याच बेअरने धनुष्यांचा मोठा कारखाना काढला. विस्कॉन्सिन राज्याने १९३४ मध्ये केवळ धनुर्धारी शिकाऱ्यांसाठी स्वतंत्र हंगाम दिला. १९६१ मध्ये या शिकाऱ्यांचा पोप आणि यंग यांच्या नावाचा क्लब निघाला. त्या नावात इशी नाही.

पुढे १९६६ मध्ये हॉलेस ॲलन याने कप्पी लावलेले धनुष्य शोधून काढले. ते ओढून धरायला सोपे आणि नेमाला पक्के. बहुतेक शिकारी तिकडे वळले. उरले ते हट्टी लोक स्वतःला पारंपरिक म्हणवू लागले. (आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने वन्य प्राण्यांची शिकार बंद झाली; तिथे परवाना आणि हंगाम असतो.) हे लोक अजून लाकूड वाळवतात, पाठीवर स्नायू चिकटवतात, जुन्या कानशीतून चाकू घडवून त्याला शिंगाची मूठ बसवतात, आणि झालेली वस्तू बहुधा एकमेकांना देऊन टाकतात. काचेचे टवके काढण्यासाठी ते लांब दांड्याचे जे हत्यार वापरतात, त्याला ‘इशीची काठी’ म्हणतात.

त्या पात्यांनीच अलीकडे एक नवे कोडे घातले आहे. स्टीव्हन शॅक्ली या पुरातत्त्वज्ञाने इशीच्या हातची पाती आणि याहींच्या जुन्या वसतिस्थानांवर सापडलेली पाती शेजारी ठेवून पाहिली. दोन्हींची घडण जुळेना. इशीची पाती शेजारच्या विंटू आणि नोमलाकी लोकांच्या पात्यांसारखी निघाली. हे लोक याहींचे वैरी समजले जात. तेव्हा शॅक्ली यांनी १९९० नंतरच्या दशकात असा तर्क मांडला की, इशीला हे काम त्या लोकांपैकी कुणी आप्ताने शिकवले असावे. कदाचित त्याचे आई किंवा वडील त्यांच्यातलेच असावेत. आपले नाव न सांगता गेलेल्या माणसाच्या घरची ही एवढीच खबर, तीही बाटलीच्या काचेवरून मिळालेली.