हाताला कळणारा बिघाड
तत्कालीन मद्रास, म्हणजे आजच्या चेन्नईत, 1955 साली एन्फिल्ड इंडिया कंपनी स्थापन झाली. तिच्या बुलेटचा क्लच तारेवर चाले; झिजलेली तार डोळ्यांना दिसे. लांब पल्ल्याच्या अनेक आधुनिक मोटारसायकलींत तारेचे काम द्रव करतो. तेथील बिघाड हातालाच कळतो: क्लच लिव्हर नरम लागते, ती दाबूनही गाडी पुढे सरकू पाहते. अशा वेळी हँडलवरील टाकीतील पातळी पाहावी, गळती असल्यास आधी दुरुस्त करावी, मगच नळीतील हवा काढावी. नुसता द्रव भरल्याने दोष झाकला जातो, जात नाही. डॉट 4 द्रव ओलावा शोषतो. सागरतीरी राहणाऱ्यांनी तो वेळेवर बदलावा. काही गाड्यांत मात्र खनिज तेल असते. एकाच्या जागी दुसरे घातल्यास रबरी सील निकामी होतात. पुदुच्चेरीच्या वाटेला लागण्यापूर्वी टाकीच्या झाकणावरील सूचना अवश्य वाचावी.