करडाला वाट बघायला लावू नका



थंडी पडायला लागली. पावसाळ्याच्या तोंडाला फळलेल्या शेळ्या आता व्यायला टेकल्यात, कारण शेळीचा गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा. यंदा आपल्या बऱ्याच सभासदांनी पहिल्यांदाच दोन-चार शेळ्या घेतल्यात. आजचा मेसेज खास त्यांच्यासाठी. जरा मोठा आहे, पण पूर्ण वाचा आणि घरात शेळ्यांचं कोण बघतं त्यांना वाचून दाखवा.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. एका सभासद ताईंचा सकाळी फोन आला. शेळी रात्री दोनच्या सुमाराला व्याली होती. दोन करडं, दोन्ही चांगली. पण घरातल्या मोठ्यांनी सांगितलं, वार (जार) पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही. वार पडली सकाळी आठला. तोवर एक करडू गारठून गेलं होतं. दुसरं मान टाकून पडलेलं. त्याला ऊब दिली, मग चीक पाजला आणि ते वाचलं. आज ती पाट ताईंच्या गोठ्यात आहे आणि स्वतः गाभण आहे.

ताईंनी हयगय केली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं ऐकलं, एवढंच. म्हणून पहिली गोष्ट हीच लक्षात ठेवा: *वार पडायची वाट बघायची नाही.* उलट करडू कासेला लागलं की वार पडायला मदतच होते. वार ओढू मात्र नका. १२ तासांत पडली नाही तर डॉक्टरांना बोलवा.

*पहिला तास*

करडू बाहेर आलं की नाका-तोंडातला चिकटा पुसा. शेळीला चाटू द्या. नाळ पोटापासून दोन-तीन बोटं सोडून आयोडीनमध्ये भिजवलेल्या दोऱ्याने बांधा, त्याच्या खाली नव्या ब्लेडने कापा आणि उरलेलं टोक टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा. हळद, शेण, राख काही लावायचं नाही. नाळेतून जंतू शिरले की पुढे सांधे सुजतात, करडू लंगडतं.

मग कास कोमट पाण्याने पुसा. प्रत्येक सडातून दोन-तीन धारा काढून टाका, म्हणजे सडाच्या तोंडाशी बसलेला बोळा निघतो. करडाला सड तोंडात द्या. हे सगळं अर्ध्या ते एक तासात झालं पाहिजे.

एवढी घाई कशाला? शेळीच्या पोटात असताना करडाला आईकडून रोगाशी लढायची ताकद मिळत नाही. ती सगळी चिकातून येते. आणि ती ताकद रक्तात ओढून घ्यायची करडाच्या आतड्याची क्षमता तासातासाला कमी होत जाते, २४ तासांनी जवळजवळ संपते. दुसऱ्या दिवशी कितीही चीक पाजला तरी पहिल्या दिवसाची भरपाई होत नाही.

किती पाजायचा? वजनाच्या दहावा हिस्सा, पहिल्या २४ तासांत, चार-पाच वेळा विभागून. उस्मानाबादी करडू जन्मताना दोन ते अडीच किलोचं असतं, म्हणजे २०० ते २५० मिली. करडू स्वतः पीत असेल तर मोजायची गरज नाही, पोट भरलेलं दिसतं. जुळी-तिळी असतील तर सगळ्यात बारकं करडू हमखास मागे राहतं. त्याला धरून पाजा.

आईला चीकच नसेल तर त्याच दिवशी व्यालेल्या दुसऱ्या शेळीचा घ्या. तोही नसेल तर गाईचा चालतो. चीक उकळू नका, फाटतो. बाटली गरम पाण्यात धरून कोमट करा.

आणि एक. *गारठलेल्या करडाच्या तोंडात दूध ओतायचं नाही.* आधी त्याच्या तोंडात बोट घालून बघा. तोंड थंड लागलं तर कोरड्या पोत्यात गुंडाळा, शेजारी गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात बांधून ठेवा. तोंडाला ऊब आली आणि करडू बोट चोखायला लागलं की मगच पाजा.

*पहिले तीन आठवडे*

या काळात करडाचं पोट फक्त दुधाचं. आईचं दूध पुरत नसेल तर गाईचं दूध पाणी न घालता, कोमट करून, दिवसातून तीन-चार वेळा द्या. बाटली आणि निपल दर वेळी गरम पाण्याने धुवा. पाजताना करडू उभं असावं, मान थोडीशीच वर. उताणं करून पाजलं तर दूध फुफ्फुसात जातं.

थंडीत फुफ्फुसाचा आजार करडांना लवकर धरतो. गोठा चारी बाजूंनी गच्च बंद करू नका, मुताचा वास कोंडतो आणि त्यानेही खोकला होतो. खालून वारं लागणार नाही आणि वरून हवा खेळेल असं पोतं बांधा. खाली कोरडं भुसकट टाका. परीक्षा सोपी आहे: करडं बसतात तिथे गुडघे टेकून एक मिनिट बसा. गुडघा ओला झाला तर जागा बदला.

*दोन आठवडे ते तीन महिने*

पंधरा दिवसांनी करडू पाल्याला तोंड लावायला लागतं. तोंडापुढे शेवरीचा, सुबाभळीचा कोवळा पाला, लसूणघास उंचावर टांगून ठेवा. जमिनीवर टाकलेला चारा लेंड्यांत मिसळतो आणि तिथूनच जंत पोटात जातात. सुबाभूळ एकूण पाल्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको.

तिसऱ्या आठवड्यापासून थोडा खुराक सुरू करा. घरी करायचा तर १० किलोसाठी: मका भरडा ४ किलो, शेंगदाणा पेंड ३ किलो, गव्हाचा भुसा १ किलो ७०० ग्रॅम, हरभरा किंवा तूर चुनी १ किलो, क्षार मिश्रण २०० ग्रॅम, मीठ १०० ग्रॅम. पेंडीला बुरशी नको, वास आला तर टाकून द्या. युरिया अजिबात नाही. सुरुवात चिमटीभर, महिन्याचं करडू झालं की रोज ५० ग्रॅम, तीन महिन्यांपर्यंत १०० ते १५० ग्रॅम. करडं आत जातील पण शेळ्या जाणार नाहीत असा बांबूचा छोटा कोपरा करा, नाहीतर सगळा खुराक आयाच खातात. स्वच्छ पाणी कायम समोर हवं.

*कोणताही बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करा.* खळ्यावर मोकाट सुटलेलं करडू पोटभर गहू किंवा ज्वारी खाऊन दुसऱ्या दिवशी दगावतं, हे आपल्याकडे दर वर्षी होतं. ज्वारीचे कोवळे फुटवेही विषारी, तिकडे सोडू नका.

तीन महिन्यांनी दूध तोडा, तेही एकदम नाही. आधी एक वेळचं, मग पूर्ण.

*आजार ओळखायचा कसा*

रोज सकाळी गोठा उघडल्यावर पाच मिनिटं नुसतं उभं राहून बघा. कोण उठत नाही, कोण कोपऱ्यात आहे, कोणाची शेपटी घाण आहे. निरोगी करडाचा ताप १०२ ते १०३.५ फॅरनहाइट.

हगवण लागली तर मेडिकलमधलं ओआरएस एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळा, दर दोन-तीन तासांनी ५०-१०० मिली पाजा. दूध पूर्ण बंद करू नका. हगवणीत रक्त दिसलं, करडू कुंथत असेल, तर ती बहुधा रक्ती हगवण. तिच्यावर जंताचं औषध चालत नाही, डॉक्टरच हवेत.

जंतासाठी डोळ्याची खालची पापणी उलटून बघा. आतला रंग लालसर गुलाबी असेल तर ठीक. पांढरट झाला असेल तर पोटातले जंत रक्त पीत असण्याची शक्यता मोठी. पहिलं जंतनाशक साधारण दीड-दोन महिन्यांनी, वजन करून, डॉक्टरांना विचारून. अंदाजे दिलेलं कमी औषध जंतांना निबर करतं. गाभण शेळीला मनाने गोळी देऊ नका.

आंत्रविषार हा धष्टपुष्ट करडांना उचलतो. रात्री उड्या मारत होतं, सकाळी मेलेलं. उपचाराला वेळ मिळत नाही, लसच लागते. शेळीला व्यायच्या चार ते सहा आठवडे आधी लस दिली तर चिकातून करडाला संरक्षण मिळतं. करडाला तिसऱ्या महिन्यात पहिली लस आणि दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा. पीपीआरची लस चौथ्या महिन्यात. दोन्ही लसी कधी, किती अंतराने, हे जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून वहीत लिहून ठेवा.

त्याच वहीत प्रत्येक करडाची जन्मतारीख आणि दर आठवड्याचं वजन लिहा. ताणकाट्याला साडीची झोळी बांधली की झालं. आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास वाढ हवी. दोन आठवडे काटा जागचा हलला नाही तर काहीतरी बिनसलंय, करडू अजून चालत-फिरत असलं तरी.

तातडीची मदत लागली तर *१९६२* या टोल फ्री नंबरवर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला फोन करा.

पुढच्या महिन्यात कोणाकोणाच्या शेळ्या व्यायच्या आहेत? या मेसेजला उत्तर म्हणून गावाचं नाव आणि शेळ्यांची संख्या पाठवा. टिंक्चर आयोडीन आणि क्षार मिश्रण सगळ्यांचं एकत्र मागवू. तोपर्यंत एक कोरडं पोतं, नवं ब्लेड आणि दोरा गोठ्यात आजच खुंटीला टांगून ठेवा. शेळी रात्री-अपरात्री कधीही विऊ शकते.