पल्ला आणि कार्यक्षमता : विद्युत् मोटारींतील सॉफ्टवेअर-बदलांचा विचार

पेट्रोलवर चालणाऱ्या वाहनासंबंधी मराठी बोलीत ‘ॲव्हरेज’ हा शब्द रूढ झाला आहे. एका लिटरमध्ये गाडी किती किलोमीटर जाते, एवढाच त्याचा अर्थ. टाकीचे आकारमान कायम असल्यामुळे भरल्या टाकीवर गाडी पूर्वीपेक्षा अधिक अंतर कापू लागली, तर तिचे ॲव्हरेज सुधारले, असे अनुमान काढण्यास प्रत्यवाय नसतो. विद्युत् मोटारीला हे अनुमान जसेच्या तसे लागू पडत नाही. तिच्या बॅटरीतील किती ऊर्जा वापरावयास मोकळी ठेवावयाची, हे सॉफ्टवेअर ठरविते; आणि मोटार विकली गेल्यानंतरही ते बदलता येते. टाकीचे आकारमानच जणू आज्ञेनुसार लहानमोठे होते.

म्हणून येथे दोन राशींमधील भेद ध्यानी घेणे अवश्य आहे. बॅटरी एकदा पूर्ण भरल्यावर मोटार जितके अंतर जाते, तो तिचा पल्ला. आणि दर किलोमीटरला जितकी कमी ऊर्जा खर्च होते, तितकी तिची कार्यक्षमता अधिक. समजा, एखादी मोटार दर किलोमीटरला १५० वॅट-तास ऊर्जा घेते. वापरावयास ६० किलोवॅट-तास मोकळे असतील, तर पल्ला ४०० किलोमीटर होईल. ७५ मोकळे केल्यास तो ५०० होईल. पल्ला चतुर्थांशाने वाढला, परंतु कार्यक्षमता तिळमात्रही बदलली नाही.

हे उदाहरण केवळ कल्पित नव्हे. सप्टेंबर २०१७ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यावर ‘अर्मा’ हे चक्रीवादळ येत असता टेस्ला कंपनीने तेथील काही मोटारींचा पल्ला दूरसंदेशाने तात्पुरता वाढविला. या मोटारींत ७५ किलोवॅट-तासांची बॅटरी बसविलेली असून सॉफ्टवेअरच्या मर्यादेमुळे तिचा काही भाग मालकांना बंद होता. ती मर्यादा काही काळ उठली, एवढेच घडले.

याच्या उलट प्रकार २०१९ मध्ये घडला. सावधगिरीचा उपाय म्हणून त्याच कंपनीने काही ‘मॉडेल एस’ मोटारींच्या बॅटरीचा कमाल विद्युत्-दाब सॉफ्टवेअरद्वारे कमी केला. बॅटरीत साठणारी ऊर्जा घटली आणि तिजबरोबर पल्लाही घटला. मालक न्यायालयात गेले. २०२१ मध्ये कंपनीने १५ लाख डॉलर देण्याचे मान्य करून अमेरिकेतील हा वाद मिटविला. त्यात १,७४३ मोटारींचा प्रश्न होता. येथेही दर किलोमीटरचा ऊर्जाव्यय हा वादाचा विषय नव्हता. विकत घेतलेल्या वस्तूचे परिमाण विक्रीनंतर बदलावे काय, हा खरा प्रश्न होता.

दोन्ही राशी एकाच वेळी कशा बदलतात, हे टाटा समूहातील जॅग्वार कंपनीच्या ‘आय-पेस’ मोटारीवरून स्पष्ट होते. विद्युत् मोटारींच्या शर्यतींतील अनुभवाच्या आधारे कंपनीने २०१९ च्या अखेरीस नवे सॉफ्टवेअर दिले आणि त्यामुळे प्रत्यक्ष वापरात पल्ला २० किलोमीटरपर्यंत वाढेल, असे सांगितले. या बदलाची अंगे चार होती. पुढील व मागील चाकांच्या मोटरांवर भाराची वाटणी नव्याने केली. भार हलका असता प्रत्येक मोटरमधील ठरीव हानीचे प्रमाण मोठे असते, म्हणून ही वाटणी महत्त्वाची ठरते. रेडिएटरपुढील झडपा अधिक काळ मिटलेल्या राहू लागल्या, त्यामुळे हवेचा विरोध घटला. बॅटरी जवळजवळ भरलेली असतानाही गती रोखताना मिळणारी ऊर्जा तीत अधिक प्रमाणात परत घेता येऊ लागली. चौथे अंग असे की, बॅटरी पूर्वीपेक्षा अधिक खालच्या पातळीपर्यंत वापरण्याची मुभा मिळाली. यांपैकी पहिली तीन अंगे कार्यक्षमतेची होत. चौथे केवळ पल्ल्याचे. ‘२० किलोमीटर’ या एका संख्येत ही चारही मिसळून गेली. प्रमाणित चाचणीतील ४७० किलोमीटरचा आकडा मात्र कंपनीने तोच ठेवला.

सॉफ्टवेअरच्या सामर्थ्याची सीमाही यावरून कळते. मोटारीचे वजन, तिच्या सांगाड्याची घडण आणि टायरांचे घर्षण त्याच्या आवाक्याबाहेर आहेत. कार्यक्षमतेच्या बाबतीत मुख्यतः रूपांतरात वाया जाणारी ऊर्जा वाचविणे आणि झडपांसारख्या साधनांनी हवेचा विरोध थोडा घटविणे त्याच्या हाती असते.

तात्पर्य, ‘अद्ययावत सॉफ्टवेअरने पल्ला वाढला’ हे विधान कार्यक्षमतेचा पुरावा म्हणून स्वीकारता येत नाही. त्यासाठी बदलापूर्वी व बदलानंतर तोच मार्ग, तोच वेग, तेच हवामान आणि टायरांतील तोच दाब राखून दर किलोमीटरचा ऊर्जाव्यय मोजावा लागतो. टाकी स्थिर होती तोवर एका शब्दाने दोन्ही अर्थ भागत होते. ती चंचल झाल्यावर प्रत्येक अर्थाला स्वतंत्र शब्द आणि स्वतंत्र मोजमाप दिल्यावाचून गत्यंतर नाही.