ताळेबंद वाचताना (लेखांक ९) : साठा किती दिवसांचा?

गेल्या आठवड्यात उधारी पाहिली. आज तिच्या शेजारची ओळ : मालाचा साठा. शेअर घेणारे बरेचजण नफ्याचा आकडा बघून पान उलटतात. संगणक बनवणाऱ्या कंपन्यांचे भवितव्य मात्र अनेकदा याच ओळीने ठरवले आहे.

हिशेब सोपा आहे. साठ्याच्या रकमेला विकलेल्या मालाच्या वर्षभराच्या खर्चाने भागायचे आणि ३६५ने गुणायचे. साठा ५० कोटींचा, खर्च ६०० कोटींचा, म्हणजे सुमारे तीस दिवसांचा माल पडून आहे. १९९०च्या दशकात संगणकाच्या सुट्या भागांचे भाव आठवड्याला सुमारे एक टक्का उतरतात असे धरले जाई. त्या हिशेबाने महिनाभराच्या साठ्यावर चार टक्के गेले, सहा दिवसांच्या साठ्यावर एकही टक्का नाही. स्पर्धा इतकी तीव्र होती की पुष्कळ कंपन्यांचा सगळा नफाच तेवढा असे.

टिम कुक मार्च १९९८मध्ये ॲपलमध्ये आले. आदल्या आर्थिक वर्षात कंपनीला १०० कोटी डॉलरहून जास्त तोटा झाला होता. महिनाभराचा साठा त्यांनी त्याच वर्षात सहा दिवसांवर आणला. हा धंदा दुधाच्या धंद्यासारखा चालवावा, मुदत उलटली की माल गेला, असे त्यांचे म्हणणे. आपल्या भागातल्या निरवांगीच्या दूध उत्पादकाला हे वेगळे समजवायला नको. संकलन केंद्रावर सकाळचे दूध सकाळीच गेले पाहिजे.

डेलने तर आधी मागणी, मग जुळणी अशी पद्धत ठेवली. दशकाच्या मध्यास तिचा साठा महिनाभराचा होता, अखेरीस सहा दिवसांचा. ग्राहकाचे पैसे आधी हातात येत, पुरवठादाराचे नंतर द्यायचे, म्हणजे खेळते भांडवल जवळजवळ दुसऱ्याचेच. त्या दशकात अमेरिकेच्या बड्या कंपन्यांत सर्वाधिक वाढलेल्या शेअरांत डेल अग्रभागी होती. पण यातला बराच साठा नाहीसा झाला नव्हता, तो पुरवठादाराच्या अंगावर गेला होता. हे मला खटकते, आणि अशा कंपनीचे कौतुक करताना तिच्या पुरवठादारांचेही ताळेबंद पाहावेत असे वाटते. शिवाय साठा अगदीच कमी असला की आच लगेच लागते : सप्टेंबर १९९९मध्ये तैवानला भूकंप झाला आणि जगभर चिपची टंचाई जाणवली. उलट टोकाला सिस्को. नेटवर्कची यंत्रे बनवणाऱ्या या कंपनीला मागणी कोसळल्यावर २००१मध्ये दोनशे कोटी डॉलरहून जास्त किमतीचा साठा वहीतून उतरवावा लागला.

हीच फूटपट्टी सगळीकडे लावू नका. आपल्या भागातला साखर कारखाना चार-पाच महिने गाळप करतो आणि साखर वर्षभर विकतो. जून २०१८पासून केंद्र सरकार महिन्याचा विक्री कोटाही ठरवून देते. उसाचे पैसे कायद्याने चौदा दिवसांत द्यायचे आणि साखर मात्र गोदामात. म्हणून ती तारण ठेवून बँकेकडून कर्ज काढावे लागते. साखर नासत नाही, व्याज मात्र रोज चढते. शेजारच्या वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटांचे सुटे भाग, संरक्षण क्षेत्राची यंत्रे घडतात. एकेका कामाला महिनोन्‌महिने लागतात. तिथे अर्धवट तयार माल मोठा दिसणारच. पाहायचे ते एवढेच की तो ठरलेल्या मागणीवर आहे की नुसता अडकून पडलाय.

संगणक कंपनीत मात्र ही सवलत देऊ नये. विक्री दहा टक्क्यांनी आणि साठा तीस टक्क्यांनी वाढला, तर कारण शोधल्याशिवाय शेअर घेऊ नका. नियमाप्रमाणे साठा खरेदी-उत्पादनाचा खर्च किंवा विकून हाती येणारी निव्वळ रक्कम, यांतले जे कमी त्यावरच दाखवावा लागतो. त्यामुळे आज फुगलेला साठा पुढच्या तिमाहीत तोटा होऊन बाहेर येऊ शकतो.

पुढच्या आठवड्यापर्यंत एक करा. तुमच्याकडे ज्या कंपनीचे शेअर आहेत तिचा वार्षिक अहवाल उघडा, साठ्यावरची टीप शोधा, कच्चा, अर्धवट आणि तयार माल यांचे तीन वर्षांचे आकडे शेजारीशेजारी मांडा. पुढच्या लेखात पुरवठादारांची देणी पाहू, तेव्हा हा कागद लागेल.